कार्डाची पहिली ओळ

आमच्या आईला अक्षरओळख नव्हती, पण बी.ए.च्या पहिल्या वर्षाचं मराठी तिनं माझ्याइतकंच केलं होतं असं म्हटलं तरी चालेल. मी उंबऱ्यात उजेडाला बसून गाईडातली उत्तरं मोठ्यानं पाठ करायची आणि ती आत भाकरी थापता थापता, तांदूळ निवडता निवडता, प्रत्येक वाक्याला ‘हं’ म्हणायची. मी अडखळले की तिचा ‘हं’ यायचा नाही. एखादं वाक्य गाळलं तर आतून आवाज यायचा, “इंदे, काल ह्याच्या मागं ‘ओघवती’ का काय म्हणत होतीस, ते कुठं गेलं?” ओघवती भाषाशैली म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. पण ते वाक्य त्या जागी असतं, एवढं दोघींना पक्कं ठाऊक होतं.

चिंचवड स्टेशनच्या मागे पत्र्याच्या सहा खोल्यांची एक ओळ होती, त्यातली चौथी आमची. अण्णा, म्हणजे माझे वडील, जवळच्याच एका कारखान्यात प्रेसवर होते. प्रेस म्हणजे छापखाना नव्हे, पत्रा ठोकून आकार देणारं मशीन. दिवसभर त्याचा धप् धप् आवाज यायचा आणि त्या ठोक्याला आमच्या फळीवरची पितळी भांडी बारीक किणकिणायची. आम्हाला त्याची इतकी सवय, की रविवारी मशीन बंद असलं तर आई म्हणायची, आज काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय बाई. शेजारी रझियाआपा राहायची. तिचा नवरा ट्रक दुरुस्त करायचा, आणि तिच्या फोडणीचा वास आमच्या घरात आणि आमच्या पिठल्याचा तिच्या घरात. भिंत नुसती पत्र्याचीच होती ना.

मला पुस्तक कसं वाचायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. घरात शिकलेलं कुणी नाही. शाळेत धडा पाठ करायचा असतो हे कळलं, कॉलेजात गेल्यावर गाईड पाठ करायचं असतं हे कळलं. नेमलेल्या कथा मी वाचायचीच नाही, आता लपवून काय करायचंय! कथा वाचण्यात वेळ घालवण्यापेक्षा कथा वाचून काय वाटायला पाहिजे ते गाईडात तयार छापलेलं असायचं, ते पाठ केलं की झालं. ‘वाचकाचे अंतःकरण हेलावून जाते’ हे वाक्य तर चार वेगवेगळ्या कथांच्या उत्तरांत होतं. मला बरंच वाटायचं, तेवढं पाठांतर वाचलं म्हणून.

दुसरं माझं लिहिणं म्हणजे कार्डं. आमच्या ओळीत सगळी बाहेरगावची माणसं, कुणी सोलापूरकडचं, कुणी परभणीचं, आम्ही बीडकडचे. बायकांना गावाकडे कार्ड टाकायचं असलं की त्या माझ्याकडे यायच्या. वर श्री, मग शिरसाष्टांग नमस्कार, मग ‘इकडील सर्व क्षेम असून तुमची खुशाली कळवावी’, मग ‘पत्रास कारण की’. तिथवर मी त्यांना विचारायचीही नाही. त्या शेजारी बसून पदर सावरेपर्यंत माझं निम्मं कार्ड लिहून झालेलं असायचं. मग विचारायची, “हं, बोला, कारण काय?”

आईला कावीळ झाली. तिसरा आठवडा होता, डॉक्टर म्हणाले उतार पडलाय, उसाचा रस द्या. ती भिंतीकडेला गोधडीवर पडून असायची, पण ऐकणं सोडलं नव्हतं. त्या सकाळी अण्णा पहिल्या शिफ्टला गेले होते. मी चहा करून तिला दिला, तिनं दोन घोट घेतले, आणि मी उंबऱ्यात बसून नेहमीसारखं उत्तर म्हणायला लागले. पुढच्या आठवड्यात ट्युटोरियल होतं. सुरुवातीला तिचा ‘हं’ येत होता, ते मला आठवतं. मग मी वेगात आले, डोळे मिटून घडाघड म्हणत गेले, अंतःकरण हेलावून जाते इथपर्यंत आले, उत्तर संपवलं, आणि खूश होऊन म्हटलं, “आई, एकदाही चुकले नाही!” तेव्हा मागे वळून बघितलं. कुठल्यातरी वाक्याला ‘हं’ यायचा थांबला होता. कुठल्या, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आज इतकी वर्षं झाली तरी कळलेलं नाही.

मी रडले नाही. हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. रझियाआपा आली, तिनं आईचे डोळे मिटले आणि छाती पिटून रडली. ओळीतल्या बायका रडल्या. मी कपातला उरलेला चहा मोरीत ओतला आणि कप विसळून पालथा घातला. अण्णांना कारखान्यातून बोलावून आणलं. ते आले आणि कपाळाला हात लावून भिंतीशी बसले. पुरुषमाणसं तिरडीच्या मागे लागली. त्यात कुणीतरी म्हणालं, गावाकडे माईमावशीला कळवायला पाहिजे. माईमावशी आईची थोरली बहीण, तिनंच आईला लहानाचं मोठं केलेलं. तिच्या वस्तीवर तार केली तरी ती तालुक्याला पडून राहायची आणि कार्डाच्याच पोस्टमनबरोबर यायची. म्हणून अण्णा म्हणाले, “इंदे, कार्ड टाक. दहाव्याला बोलीव.”

मी कार्ड घेतलं आणि लिहिलं. मला त्या लिहिण्यातलं काही आठवत नाही, फक्त शाई गडद होती एवढं आठवतं.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या काळी मयताच्या कार्डावर श्री घालत नसत. कार्डाचा एक कोपरा फाडून टाकत, म्हणजे हातात पडताच कळावं. पण मला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. एवढी सगळ्या ओळीची कार्डं लिहायची मी, पण असलं कार्ड कुणी पोरीकडून लिहून घेत नसे. ते कुणीतरी बाप्या माणूस बाहेर, झाडाखाली बसून लिहायचा.

माईमावशी दहाव्याला आली नाही. पवनेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. अण्णांनी घरी येऊन सांगितलं ते एवढंच, की दुपारपर्यंत थांबलो, लोक म्हणायला लागले बहिणीत जीव अडकलाय, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. सांगितलं आणि ते जेवायला बसले. मी वाढलं. तेराव्यापर्यंत रझियाआपाच्या घरून खिचडी येत होती, मग मी चूल पेटवायला लागले. भाकरी मला आईच्या वेळीही यायची, पण आता एक बाजू करपायची. अण्णा करपलेली बाजू आत दुमडून खायचे. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो असं नाही. मीठ दे, पाणी दे, दुसरी शिफ्ट आहे, एवढं बोलायचो. प्रेस चालू असायची, फळीवर भांडी किणकिणायची, आणि मला ते दूरच्या कुणाच्या तरी घरातलं ऐकू आल्यासारखं वाटायचं.

त्याच आठवड्यात मी कॉलेजात गेले. घरात बसून करायचं काय? ट्युटोरियल राहिलं होतं, ते लिहून दिलं. मराठीला आम्हाला सरवटे बाई होत्या. बारीक चणीच्या, आवाज मात्र मागच्या बाकापर्यंत खणखणीत. त्यांनी वह्या तपासून आणल्या आणि माझी वही हातात धरून मला उभं केलं.

“‘वाचकाचे अंतःकरण हेलावून जाते.’ तुझं हेलावलं?”

“नाही बाई.”

मागून एक मुलगा म्हणाला, “बाई, तिचं गाईड हेलावलं असंल!” वर्ग हसला.

“गप रे, तुझ्या वहीतही तेच आहे, त्याच पानावरचं.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “कथा वाचलीस का?”

“नाही बाई. उत्तर वाचलं.”

परत हशा झाला. बाई काही हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. माझी आई गेलीय हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “कथा वाच आणि पुढच्या तासाला परत लिहून आण. आधी काय दिसलं ते लिहायचं. काय वाटलं ते शेवटी. आणि काही वाटलं नसेल तर ती जागा कोरी सोड, माझी काही हरकत नाही.”

घरी येऊन मी आयुष्यात पहिल्यांदा नेमलेली कथा वाचली. आई वारल्यावर मुलगा गावी येतो, घरात माणसं जमलेली असतात आणि अंगणातल्या दोरीवर तिचं लुगडं वाळत असतं, अशी ती कथा. मी वाचली आणि मला काही वाटलं नाही. हो, माझ्या घरात आई जाऊन महिनाही झाला नव्हता आणि मला काही वाटलं नाही. पण दिसलं मात्र. मुलगा अंगणात येतो तेव्हा लुगड्यातून पाणी गळत असतं, आणि शेवटच्या ओळीत तो ते काढून घेतो तेव्हा ते कडकडीत वाळलेलं असतं. म्हणजे अख्खी कथा एक लुगडं वाळेपर्यंतची. हे गाईडात कुठं नव्हतं. मी तेवढं वहीत लिहिलं आणि खाली जागा कोरी सोडली.

हल्ली आमच्या रावेतच्या इमारतीतल्या दोन मुली माझ्याकडे येतात. मराठी घेऊन शिकतात, गोड आहेत. त्यांना रसग्रहण लिहायचं असतं तर फोनला विचारतात आणि तो एका श्वासात पानभर देतो. परवा एकीनं वाचून दाखवलं, त्यात अंतःकरण होतंच. मी म्हटलं, अगं बाई, हे अजून जिवंत आहे का! त्या हसल्या. मी त्यांना फोन वापरू नका म्हणत नाही, मी कोण सांगणारी. मी फक्त विचारते, तुला स्वतःला काय दिसलं ते सांग, एकच गोष्ट सांग. मग त्या पिशवीत पुस्तक शोधायला लागतात.

असो. ते लिहिलेलं बाईंना द्यायचं राहिलं, कारण दुसऱ्याच दिवशी माईमावशी आली.

दुपारची वेळ होती. दारात उभी राहून तिनं आधी घरभर बघितलं, भिंतीकडची रिकामी जागा बघितली. पाणी दिलं ते घेतलं नाही. कमरेच्या पिशवीतून माझं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं.

“वाच.”

मी वाचायला लागले. “श्री. तीर्थरूप मावशी हिस शिरसाष्टांग नमस्कार. इकडील सर्व क्षेम असून...”

“थांब. परत वाच.”

“इकडील सर्व क्षेम...”

“अजून एकदा.”

तिसऱ्यांदा मी ओळीवर बोट ठेवलं. ओळ माझ्याच हातची होती. खाली ‘पत्रास कारण की’ आणि त्यापुढे आई वारली, दहाव्याला यावे. सगळं एका अक्षरात, एका शाईत.

“आमचा पोस्टमन धा वस्त्या फिरतो,” माईमावशी म्हणाली. “सायकलवरचा पाय खाली न टेकता वाचतो. ‘सगळं क्षेम हाय म्हणत्यात मावशी,’ म्हणला अन् गेला. मी म्हणलं बरं झालं, काविळीतनं उठली. कार्ड दारावरच्या तारंला लावलं. शिरगणतीला मास्तर आले, च्या हुईस्तोवर तारंवरची कार्डं वाचीत बसले, अन् मला इच्यारत्यात, तुमची बहीण वारली का हो? पंधरा दिस मी तिच्या मरणाखालून ये-जा केली, इंदे.”

अण्णा पहिली शिफ्ट करून आले तेव्हा त्यांना हे कळलं. त्यांना वाचता येत नव्हतं, मी काय लिहिलं ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग मावशीला म्हणाले, “लोकांची कार्डं लिहिती म्हणून मी समद्या कंपनीत सांगत होतो. कालेजात घातली. अन् हे शिकली.”

“मी न्हेते हिला,” माईमावशी म्हणाली. “आईबिगर पोर, तुमची शिफ्ट. तिकडं माझ्या नजरंसमोर ऱ्हाईल, सालभरात चांगलं स्थळ बघू. शिक्षान बास झालं.”

अण्णांनी मान हलवली. माझी पुस्तकं गोळा करून वरच्या फळीवर भांड्यांच्या मागे ठेवून दिली. परवाच्या गाडीनं निघायचं ठरलं. मला काही म्हणायचं होतं का? होतं असं वाटत नाही. बाईंची वही द्यायची राहिली एवढंच मनात आलं, आणि तेही दुसऱ्या कुणाची वही असावी तसं.

दुसऱ्या दिवशी अण्णा कामावर गेल्यावर रझियाआपा आमच्या दारात डाळ निवडत बसली होती. माईमावशी मला म्हणाली, “तुला लिव्हता येतं न्हवं? मग लिव्ह, माझी बहीण कशी गेली. अन् मला वाचून दाखव. मी हुते कुठं बघायला.”

मी वहीचं पान फाडून लिहिलं आणि वाचलं. “दीर्घ आजारानंतर तिची प्राणज्योत शांतपणे मालवली.”

“म्हंजे काय?”

“म्हणजे गेली.”

“मग गेली लिव्ह. दीर्घ म्हंजे?”

“खूप दिवसांचा.”

“तीन आठवडं खूप कशाचं? तीन आठवडं लिव्ह. अन् शांतपणे कुणी बघितलं?”

आपा डाळीतला खडा काढत म्हणाली, “ठीक तो बोल रही है. तू बघितलं का?”

“नाही,” मी म्हटलं.

“बघितलं न्हाई तर लिव्हायचं कामून?” माईमावशी म्हणाली. “खोड ते.”

मी खोडलं. दुसरं पान घेतलं. कावीळ, तीन आठवडे. उसाचा रस. सकाळी चहा, दोन घोट. अंगावर कुठली गोधडी होती ती. मी कुठे बसले होते ते. मग हात थांबला. मी उत्तर म्हणत होते हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. आपाला नाही, अण्णांना नाही. सगळ्यांना वाटत होतं मी चुलीपाशी होते. तिथून पुढे सोडून द्यायचं आणि ‘गेली’ लिहायचं, एवढं सोपं होतं. पण काय दिसलं ते आधी, हे डोक्यात बसलं होतं. मी लिहिलं, मी बाहेर तोंड करून पाठांतर करत होते. आई ‘हं’ म्हणत होती. मग म्हणेनाशी झाली. माझ्या ध्यानात आलं नाही. मी शेवटपर्यंत म्हटलं आणि मग वळले. चहा उरला होता.

ते मी वाचून दाखवलं. त्याच आवाजात, जसं गाईड वाचायची. आपाचे हात डाळीत तसेच राहिले. माईमावशी उठली, माझ्या हातातला कागद घेऊन घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि पाणी मागितलं. घरात आल्यापासून पहिल्यांदा आमच्या घरचं पाणी ती प्यायली. पण मला वाटलं, संपलं. आता ही माझं कधी तोंड बघणार नाही.

सकाळी अण्णा स्टँडवर आले होते, शिफ्ट चुकवून. त्यांनी दोन तिकिटं काढून माझ्या हातात दिली आणि खिडकीखाली उभे राहिले. माझं गठुडं माझ्या मांडीवर. गाडी भरली. कंडक्टरनं दाराशी येऊन घंटीची दोरी धरली, तेव्हा माईमावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, “उतर.”

“अं?”

“उतर म्हणते ना. तुझं कालेज किती वाजता भरतंय?”

“अकराला. पण मावशी...”

“माझ्या घरी कोण हाय गं तुझं ऐकून घ्यायला? मला बसल्या जागी झोप लागती. सुना पाट्या घेऊन रानात. तू बोलायचीस अन् भिंती ऐकायच्या. उतर.” मग खिडकीतून खाली वाकून अण्णांना म्हणाली, “दाजी, आता संध्याकाळी तुमी ऐकायचं. कळू नाहीतर ना कळू. बसायचं समोर.”

अण्णा खिडकीपासून गाडीच्या दाराकडे आले.

“अहो मावशी, तिकीट परत घेत नसतो,” कंडक्टर म्हणाला.

“कोण मागतंय तुला परत? तू नुस्ती घंटी वाजीव.” तिनं स्वतःची पिशवी उचलली आणि मी उठले त्या जागेवर ठेवली, नीट, माणूस बसवावं तशी.

मी खाली उतरले. गाडी गेली. अण्णा आणि मी धुळीत उभे होतो. अण्णांनी माझ्या हातातलं गठुडं काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, “पुस्तकं फळीवर हायती. आधी घरी चल.”

घरी जाऊन मी वही काढली. मला अजूनही काही वाटत नव्हतं, आनंदही नाही. साडेअकराला वर्गात पोचले तर बाई फळ्यावर लिहीत होत्या. त्यांनी वळून विचारलं, “उशीर का?”

“माझी आई गेली बाई,” मी म्हटलं. ते मी पहिल्यांदाच कुणाला तरी तोंडानं सांगत होते. “म्हणून वही राहिली.” आणि वही त्यांच्या टेबलावर ठेवून मी जागेवर जाऊन बसले.